मोकळा राहिलेला डोळा

१

मच्छे गावच्या परशरामला डावा डोळा एकटा मिटता येत नव्हता, आणि ह्याच गुणावर त्याचं लग्न जमलं होतं. उजवा मिटायचा, नाही असं नाही. पण उजव्यानं मारलेला डोळा हिशेबात कोण धरतो? बायकांना वाटायचं, बिचाऱ्याच्या डोळ्यात कुसळ गेलं. डावा मिटायला गेला की आधी उजवा मिटायचा, मग नाक चढायचं, मग तोंड वाकडं व्हायचं, आणि डावा आपला टक्क उघडाच. गुंजी गावच्या सासऱ्यानं हे बघितलं आणि पोरगी देऊन टाकली.

"गावोगाव बायाबापड्यांचे फोटो काढत हिंडणारा जावई," सासरा म्हणाला, "पण डोळा मारायची सोय देवानंच काढून घेतलीया. ह्याच्यापरास भरवशाचा कुठं मिळंल?"

परशरामचा धंदा सायकलीवर होता. मागं दोरीनं बांधलेलं तिकाटणं, म्हणजे कॅमेऱ्याचे तीन लाकडी पाय, पुढं ट्रंकेएवढा कॅमेरा. काळा कपडा डोक्यावर घेऊन आत शिरलं की काचेवर माणसं खाली डोकं वर पाय अशी दिसायची. गावच्या पाटलाला उलटा टांगलेला बघायचं सुख फोटोग्राफरशिवाय कुणाच्या नशिबी असतंय? आणि त्या काळोखात दोन्ही डोळे उघडे ठेवले तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग मोठी लढाई लागायच्या आदल्या साली त्यानं बेळगावच्या कॅम्पातनं नवा घडीचा कॅमेरा आणला. मिटला की कोटाच्या खिशात जाईल एवढा. त्याला तिकाटणं नको, काळा कपडा नको. वर एक बारकी खिडकी, तिला एक डोळा लावायचा आणि खटका दाबायचा.

"कोणचा डोळा लावतोस?" हाटेलात मारुतीराव हवालदारानं विचारलं. हे पेन्शनीतलं माणूस. पलटणीत पोरांना बंदुकीचा नेम शिकवण्यात जन्म घालवलेला, आणि आता मच्छ्याच्या हाटेलात फुकटचा चहा नेमकं कोण पाजेल, तो नेम धरून बसायचा.

"कोणचा म्हंजे? दोन्ही माझेच हायत की."

"दोन्ही तुझे, पण मालक एकच असतोय. हात पुढं कर. दोन पंजे जुळव, मधी बोराएवढी फट ठेव. त्यातनं देवळाचा कळस बघ. दिसला? आता उजवा झाकतो मी तुझा."

कळस फटीत तसाच होता.

"आता डावा झाकतो."

कळस गेला. फटीत नुसतं हाटेलवाल्याचं धुराडं.

"डावा मालक, उजवा चाकर," हवालदार म्हणाला. "असल्यांना आम्ही बंदूक डाव्या खांद्याला द्यायचो. न्हायतर मालकाला मोकळा ठेवून चाकराला कामाला लावलं, तर मालक भलतंच बघत बसतोय आणि गोळी शेजाऱ्याला लागती."

त्या दिवशी आख्खं हाटेल हाताच्या फटीतनं कळस बघत होतं. कुणाचा चहा सांडला, कुणाचा शेजाऱ्याला कोपर लागला. परशराम मात्र शहाणा. त्यानं नव्या खिडकीला डावा डोळा लावला आणि आठ-पंधरा दिवस आईवर, कोंबड्यांवर आणि पोटुशा बायकोवर हात बसवून घेतला. सगळं झक्क होतं.

२

निपाणीच्या रायाप्पाकडे लग्न निघालं. रायाप्पा तंबाखूचा व्यापारी, जैन, भला माणूस. त्याच्या घरी नुसतं बसून आलं तरी दोन दिवस शिंका येत. थोरला शांतिनाथ नवरदेव. हळदीआधी घरच्या सगळ्यांचा एक फोटो पाहिजे म्हणून परशरामला बोलावणं आलं. सायकल सर्व्हिस मोटारीच्या टपावर टाकून तो गेला.

माणसं सोप्यावर बसवली. मधी नवरदेव, त्याच्या उजव्या हाताला रायाप्पाची म्हातारी आई धोंडूबाई, बाकीची दाटीवाटीनं मागं. त्यांच्या पाठीशी घराचं मोठं कवाड सताड उघडं.

"मागचं कवाड लावून घ्या," परशराम म्हणाला. ही त्याची नेहमीची आरोळी. आतला काळोख फोटोत आला की माणसांच्या डोक्यामागं डांबर ओतल्यासारखं भोक दिसायचं.

धोंडूबाई फिस्कारली. कानडी वळणाची म्हातारी, कुणालाही 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायची. "दिवसाउजेडी कवाड लावायचं व्हय रं तम्मा? ते घरात मयत झाल्यावर लावत्यात."

"आज्जी, फोटोपुरतं. लगेच उघडूया की."

"लावा बापडे. पण आत कोण ऱ्हायलंय का ते बघा आधी."

सगळी हसली. आत कोण राहणार? लग्नाच्या घरातली मांजरंसुद्धा फोटोसाठी बाहेर आलेली. शांतिनाथनं उठून कवाड ओढलं, बाहेरनं कडी घातली आणि जागेवर बसला.

परशरामनं खिडकीला डोळा लावला आणि म्हातारी पुन्हा किंचाळली. "अगं बाई! नवरदेवावर डावा डोळा धरतोस? लवतोय का काय तुझा? पुरुषाच्या जातीचा डावा डोळा, त्यो लग्नाच्या घरात! उजवा लाव, उजवा!"

आता गिऱ्हाईकाशी कोण भांडतंय? परशरामनं उजवा लावला. डावा मिटायला गेला तर तोंड वाकडं झालं, पोरं हसली, म्हणून त्यानं डावा सोडून दिला. कॅमेऱ्याच्या बाजूला तो मोकळा, उघडा राहिला.

आधी गिचमिड झाली. खिडकीतली बारकी माणसं आणि बाहेरची मोठी माणसं एकमेकांवर चढली. मग नव्या बैलजोडीसारखं हळूहळू दोन्ही डोळे आपापल्या वाटेला लागले. उजव्याला खिडकीत दिसत होतं: नवरदेव, म्हातारी, माणसं, मागं लावलेलं कवाड. डाव्याला बाहेर दिसत होतं: तोच नवरदेव, तीच म्हातारी, तीच माणसं.

आणि चार बोटं उघडं असलेलं कवाड.

परशरामनं कॅमेरा खाली केला. कवाड लावलेलं. कडी वर.

"काय झालं?" रायाप्पानं विचारलं.

"काय न्हाय. कवाड नीट लागलंय नव्हं?"

शांतिनाथनं उठून, मागं जाऊन कवाड ढकलून दाखवलं. ते हाललं नाही. परशरामनं पुन्हा उजवा डोळा लावला. खिडकीत कवाड बंद. बाहेर, डाव्याला, काळोखाची एक उभी पट्टी. गार. म्हणजे तशी काळोखाला थंडी दिसत नाही, पण परशरामला ती पट्टी गार दिसली.

त्यानं खटका दाबून टाकला.

घरी येऊन फिल्म धुतली. फोटोत कवाड गच्च लावलेलं. म्हातारीच्या नथीतले मोतीसुद्धा मोजून घ्यावेत इतका साफ फोटो. परशराम स्वतःवरच हसला. डोळ्याला सवय नाही, दुसरं काय! मालकाला रिकामा ठेवला की तो भलतंच बघतो, हवालदार म्हणालाच होता.

३

पण लग्नाच्या वऱ्हाडाला जीभ असते आणि पायही असतात. "डाव्या डोळ्याचा फोटोवाला" ही कीर्ती त्याच्याआधी गावोगाव पोचली. काकतीच्या भावकूकडे तो गेला, तर त्यानं सायकल टेकायच्या आधीच बोट दाखवलं.

"उजवा हं, फोटोवाले! आमच्या घरात तुमचा डावा चालायचा न्हाय."

काकतीची माणसं. इंग्रजांशी लढलेल्या राणीच्या माहेरची म्हणून म्हशीची धार काढतानासुद्धा तलवार धरल्यासारखी बसायची. भावकू, त्याची बायको, भाऊ, भावजया, पोरंबाळं अशी सगळी अंगणात ताठ उभी राहिली. सकाळचं कोवळं ऊन होतं. मागं चुन्यानं सारवलेली भिंत आणि मधोमध कवाड.

"मागचं कवाड लावून घ्या," परशरामच्या तोंडून सवयीनं गेलं.

कवाड लावलं. त्यानं उजवा डोळा खिडकीला लावला, आणि डाव्यानं बघायचं नाही असं ठरवलं. पण उघड्या डोळ्याला बघू नको म्हणणं, म्हणजे उघड्या कानाला ऐकू नको म्हणणं.

कवाड हातभर उघडं होतं.

खिडकीत नाही. खिडकीत ते गप बंद होतं. बाहेर, भावकूच्या खांद्यामागं, हातभर. आणि आतनं कुणीतरी कवाडाची कड धरली होती. बोटं ओळीनं बाहेर आलेली. माणूस कवाड धरतो ते छातीशी धरतो. लहान पोर असलं तर खाली धरतं. ही बोटं वर होती, पार वर, चौकटीच्या माथ्याला लागून.

"घरात कोण हाय काय?" परशरामनं कॅमेऱ्याआडूनच विचारलं.

"सगळी हितंच हायत की!" भावकू म्हणाला. "म्हस तेवढी आत हाय. पर ती म्हणती, फोटोत मी काळी येती."

हशा झाला. त्या हशात डाव्या डोळ्यासमोर एक बोट उचललं गेलं आणि जरा खाली टेकलं. मग दुसरं. चांगली पकड मिळावी म्हणून आपण हात सरकवतो ना, तसं.

खटका दाबला गेला. दाबला असं परशराम कधी म्हणाला नाही.

वाटेत एका वडाखाली तो थांबला आणि हाताची फट करून लांबच्या डोंगराचं टोक बघत बसला. डावा झाकला, टोक गेलं. उजवा झाकला, टोक राहिलं. डोळे जिथल्या तिथं होते. मग त्यानं स्वतःला समजावलं: बोटं म्हणजे पन्हळीची सावली असेल. ऊन तिरकं होतं. दोन डोळ्यांमध्ये चार बोटांचं अंतर असतंय, एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसतंच असं नाही. हे सगळं खरं होतं. फक्त भावकूच्या घराला पन्हळ नव्हती, एवढं एक सोडलं तर.

४

निपाणीचा फोटो पोचवायला तो गेला तेव्हा भर दुपार होती, आणि रायाप्पाच्या घराचं कवाड लावलेलं होतं.

अंगणात चिटपाखरू नाही. परशराम हाक मारणार, तेवढ्यात बाजूच्या तंबाखूच्या वखारीतनं धूर दिसला. बघतो तर सगळं घर वखारीत. पोत्यांच्या थप्पीला टेकून अंथरुणं लावलेली, तीन दगडांच्या चुलीवर नवी सून भाकऱ्या थापत होती. हातावरची मेंदी अजून तांबडी होती.

"हितं कसं काय मुक्काम?" परशराम हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

"आत उकडतंय," रायाप्पा म्हणाला.

माघातली थंडी. रायाप्पाच्या अंगावर घोंगडं होतं.

परशरामनं फोटो काढून दिला. अशा वेळी माणसं आधी आपलं तोंड शोधतात, मग दुसऱ्याच्या तोंडाला नावं ठेवतात. इथं कुणी आपलं तोंड बघितलं नाही. सगळी माणसं वाकून वाकून मागचं कवाड बघत होती.

"लावलेलंच हाय की," धोंडूबाई पुटपुटली. तिनं परशरामला तम्मा म्हटलं नाही, शिवी दिली नाही, डाव्या डोळ्याचं काही काढलं नाही. अशी म्हातारी गप बसली की घराचा एक खांब काढल्यासारखं वाटतं.

"मग उघडत का न्हाईसा?" परशरामनं विचारलं.

शांतिनाथनं बापाकडे बघितलं, मग हलक्या आवाजात म्हणाला, "कडी आम्ही काढली कवाच. आता आतनं लागलीया."

"आत कोण हाय?"

"आम्ही सगळी हितं हाय," शांतिनाथ म्हणाला. तव्यावरची भाकरी करपली, तरी सुनेचा हात हलला नाही.

परशराम मिळेल ती मोटार धरून निघाला. काकती आली तसा तो खिडकीच्या गजाला चिकटला. भावकूचं घर रस्त्यावरनं दिसायचं. कवाड लावलेलं. म्हैस बाहेर चिंचेला बांधलेली. तिच्या शेजारी वाकळा, हंडे, पाळणा आणि देवाची फळी. ती ताठ माणसं सगळी चिंचेखाली दाटीवाटीनं बसली होती, घराकडे तोंड करून.

५

आता परशरामचंही स्वतःचं एक घर होतं, आणि त्या घरात पंधरा दिवसांचं पोरगं होतं.

बायकोला, मनुबाईला, माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण मच्छ्यातच झालं. सासूनं, रुक्माबाईनं, मायेनं केलं. पण तिकडे गुंजीला म्हाताऱ्या बापाचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं पिकत आलेले. "नातू बघतो आणि मग गेले तर जाऊ देत डोळे," असा त्याचा निरोपावर निरोप.

"अवो, एक फोटो काढा की," मनुबाई म्हणाली. "गावाची पोरं काढतासा. आपलंच तेवढं नको?"

"नको."

"का नको?"

"फिल्म संपलीया."

"काल तर गुरुजींचं बोलावणं घेतलासा. त्यांचा काय पाटीवर काढणार हायसा?"

परशराम उठून हाटेलात गेला आणि हवालदाराला अर्धं सांगितलं. बोटांचं सांगितलं नाही. हवालदार पोट धरून हसला.

"मालकाला कामावरनं काढलंस फोटोवाल्या! तो खोडी काढणारच. बैलाला झापड लावतोस का न्हाय? तशी लाव डाव्याला. गप बसंल."

गुरुजी खानापूरच्या अलीकडच्या एका गावात शाळेवर होते. शब्द दिलेला, टाळता येईना. गेला. गुरुजींना फोटोत पुस्तक पाहिजे होतं, बायकोला फोटोत गुरुजी नको होते. त्यावर बराच वेळ गेला. कवाड परशरामनं लावायला सांगितलंच नाही. गुरुजींनी ते स्वतःच लावलं. "आतला पसारा दिसतो," ते म्हणाले.

झापड लावायची का? नको. एकदाचं काय ते बघून टाकूया. त्यानं उजवा डोळा खिडकीला लावला आणि डाव्याला सोडला.

कवाड सताड उघडं. दोन्ही फळ्या भिंतीला टेकलेल्या. आत खोली दिसत होती: कोनाडा, दोरीवरचं धोतर, कोपऱ्यातलं जातं. उंबऱ्यात कोणी नाही. कवाडाच्या कडेला कोणी नाही. आत कुठंच कोणी नाही.

परशराम बघत राहिला. डोळ्यातनं पाणी येईपर्यंत बघत राहिला. खोली रिकामी होती.

"गेलं," तो म्हणाला.

"काय गेलं?" गुरुजींनी पुस्तक खाली केलं.

"काय न्हाय गुरुजी. वर धरा पुस्तक. लई शोभतंय."

काय हलका झाला माणूस! गुरुजींच्या बायकोचा एकटीचा वेगळा फोटो काढून दिला. मारुतीला नारळ फोडला. रिकामी खोली बघून एवढा खूश झालेला माणूस खानापूर तालुक्यानं आधी बघितला नव्हता. कवाड उघडून एखादं गेलं, म्हणजे ते कुठंतरी गेलंच की. पण खुशीत असलेल्या माणसाला कोण शिकवणार?

परतताना मात्र सायकल जड लागली. सपाटीलासुद्धा. चाकात वारा होता, साखळीला तेल होतं. तरी मागं दाणगट गडी बसल्यावर पुढचं चाक जसं हलकं होऊन लचकतं, तसं ते लचकत होतं. देसूरच्या चढाला परशराम उतरला आणि चालत निघाला. ढकलतानाही सायकल जडच होती. मग वर आल्यावर एकदम हलकी झाली.

मागं बघावं असं त्याला वाटलं. पण समोर गाव दिसत होतं, चुलींचा धूर दिसत होता. तो पुढं बघत घरी आला.

६

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या सुमाराला त्यानं आपणहून कॅमेरा काढला.

"या बाहेर. काढूया फोटो."

मनुबाईनं लगबगीनं पोराला अंगडं चढवलं, काजळाची तीट लावली. परशराम म्हणत होता, पलीकडे गवताच्या गंजीशी बसा, उजेड चांगला आहे. रुक्माबाईनं त्याला उभा झाडला.

"बाळंतीण गंजीपाशी? पाय उतार करायची न्हाय ती सोप्यावरनं. काढायचा तर हितं काढ, न्हायतर ऱ्हाऊ दे."

"बरं. पण कवाड लावायचं न्हाय."

"आँ? जल्मभर 'लावा लावा' म्हणून वराडलास आणि आपल्याच घराला नको?"

"उघडं ऱ्हाऊ दे आई."

उघडं ठेवलेलं कवाड कोण काय उघडणार? ही त्याची अक्कल. शिवाय काल खोली रिकामी बघितलेली. तरीही, पोराचा मामला होता, आणि डावा खिडकीला लावला तर तो आतही काय दाखवील ह्याचा भरवसा नव्हता, म्हणून त्यानं हवालदाराची झापडही केली. जुन्या कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्याची पट्टी फाडून डाव्या डोळ्यावरनं घट्ट बांधली. मनुबाई हसून हसून वाकली. "चोरावाणी दिसतासा!" रुक्माबाई म्हणाली, "येड लागलंय, दुसरं काय."

परशराम अंगणात उभा राहिला आणि उजवा डोळा खिडकीला लावला.

सगळं जागच्या जागी. खुर्चीत मनुबाई, मांडीवर रडणारं पोरगं, बाजूला कमरेवर हात ठेवून आई. मागं उघडं कवाड, आत उतरंड दिसत होती, तिच्यावरचं पितळेचं झाकणसुद्धा. त्यानं सुस्कारा सोडला. एवढ्याशा खिडकीत आपलं सगळं घर मावतंय, हे बघून त्याला भरून आलं.

"हं. हलू नका. माझ्याकडं बघा."

मनुबाई बघत नव्हती. तिची नजर त्याच्या बाजूला होती. त्याच्या डाव्या बाजूला.

"इकडं बघ, मनू."

मनुबाईनं एक हात सोडवला आणि पदर डोक्यावरनं पुढं ओढला. वडीलधाऱ्या परक्या पुरुषापुढं ओढतात तसा, कपाळाच्या खाली.

"आत्ती," ती हळू म्हणाली, "पाव्हणं आल्यात जणू."

रुक्माबाईनं उन्हाला हात आडवा धरला. "व्हय की! या, या. परशा, सोबत कोण हाय ते सांगायचं न्हाय व्हय रं? त्यास्नी उनात उभं केलास आणि आपण चोरावाणी तोंड बांधून बसलास! थांबा, गूळ-पाणी आणते." आणि ती वळून, उघड्या कवाडातनं आत गेली. खिडकीतनं दिसेनाशी झाली.

परशरामनं मान वळवली नाही. डाव्या बाजूला पट्टीचा काळोख होता. त्या काळोखात कानाजवळ कुणी श्वास घेत आहे का, हे तो ऐकत होता. श्वास येत नव्हता. अंगणातली कोंबडी ओरडायची थांबली होती.

खिडकीत मनुबाईची नजर हलली. आधी त्याच्या खांद्याशेजारी होती. आता अंगणातनं पुढं सरकू लागली, सावकाश, एकेक पाऊल टाकणाऱ्याबरोबर सरकते तशी. आणि नजर जवळ येईल तशी तिची हनुवटी वर चालली. आणखी वर. नारळाचा शेंडा बघावा तशी ती बघत होती. चेहऱ्यावर भीती नव्हती. पाहुण्यापुढं सुनेच्या चेहऱ्यावर असतो तो संकोच होता, आणि थोडा मान.

मग नजर थांबली. खिडकीच्या डाव्या कडेच्या अगदी पलीकडे.

पोरगं रडायचं थांबलं.

"बघ, गप झालं!" मनुबाई कौतुकानं म्हणाली. "वळखलंस व्हय रं? घेतासा? घ्या की. मान तेवढी सांभाळा, अजून धरत न्हाय."

"मनू," परशराम म्हणाला. म्हणजे नुसते ओठ हलले.

तिनं पोराला दोन्ही हातांनी उचललं आणि बाजूला पुढं केलं. खिडकीच्या कडेनं आधी पोराचं डोकं कापलं गेलं. मग अंगडं. मग बारके तांबूस पाय, हवेत एकदा सायकल मारल्यासारखे हलले आणि कडेच्या पलीकडे गेले. मनुबाईचे हातही कोपरापर्यंत गेले.

कॅमेरा खाली करायचा, पट्टी ओढायची, एका उडीत सोपा गाठायचा. एवढंच होतं. पण परशरामचे हात कॅमेऱ्याला चिकटले होते, आणि डोक्यात एकच गोष्ट थाडथाड वाजत होती: कॅमेरा खाली केला, आणि तिथं कुणीच नसलं, तर पोरगं कुठं शोधायचं?

मनुबाईचे हात खिडकीत परत आले. मोकळे.

तिनं पदर सारखा केला, ते हात मांडीवर एकावर एक ठेवले, ताठ बसली आणि पहिल्यांदा सरळ खिडकीत बघून हसली.

"हं," ती म्हणाली, "आता काढा."